शाळेमागचे वाकडे वाफे

वाफे वाकडेतिकडे पडले होते आणि ग्यानोबाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. सातवीच्या वर्गाला मात्र फार वाटत होतं. दीड महिन्यानं ग्रामसभा होती.

सरपंच अमृतरावांनी लातूरच्या एका क्लासवाल्याशी बोलणी केली होती. शाळेमागच्या जागेवर हॉल होणार, तिथं लातूरचे सर येणार, गावची पोरं डॉक्टर होणार. त्यांचा स्वतःचा नातू आधीच लातूरला होता. मकसूद सरांना त्याच जागेवर बाग हवी होती. गणित आणि विज्ञान मातीत शिकवून दाखवतो, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. निकाल सभेत हात वर करून लागणार होता, आणि अमृतरावांचा हात जिकडे, तिकडे गाव.

म्हणून वर्गातल्या बुद्धप्रियानं वाफे आखायला आपल्या आजोबांना आणलं होतं. ग्यानोबा एकेकाळचा गवंडी. भूकंपात जुनं गाव गेलं, तेव्हापासून त्यानं ओळंब्याला हात लावला नव्हता. या वर्गातलं एकही पोर तेव्हा जन्मलेलं नव्हतं. नव्या गावात घरं एका मापाची, रस्ते पट्टीनं आखलेले. ग्यानोबा अजूनही कधीमधी चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरायचा आणि पोरं खिदळायची.

तो घरूनच गाठी मारलेली सुतळी घेऊन आला. एक वाफा इकडे फुगीर, तिकडे निमुळता. दोन वाफ्यांच्या मधली वाट इतकी अरुंद की मातीची पाटी आडवी नेता येईना.

"आबा, सरळ आखा की. सरपंच हसतील," बुद्धप्रिया म्हणाली.

"हसू दे. माप बरोबर हाय."

वाफे त्यानंच वाटले. जावेदला पाण्याच्या टाकीजवळचा मिळाला. ती टाकीसुद्धा नळापासून लांब, ग्यानोबानं बोट दाखवलं तिथंच ठेवावी लागली. मधला सगळ्यात मोठा वाफा कुणाच्याच नावावर नव्हता. त्याला सगळ्यांनी मिळून पाणी घालायचं. आणि बुद्धप्रियाचा वाफा एकदम टोकाला, चराच्या पलीकडं.

"आपलाच का असा लांब?"

"तिथंच ऱ्हाऊ दे," एवढंच तो म्हणाला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मकसूद सर मात्र खूश झाले. चौकोन पुस्तकात आहेतच, म्हणाले, आता या वेड्यावाकड्याचं क्षेत्रफळ काढा. मग काय, वर्गात कुणी बसेचना. पोरं टेप घेऊन चिखलात रांगायची आणि उत्तर कुणाचं बरोबर यावरून भांडायची. बियाणं घरून आणायचं, माहिती घरच्या म्हाताऱ्यांकडून. धने चपलेनं रगडून, फोडून मग पेरायचे, हे जावेदला त्याच्या आजीनं, चांदबीनं, सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून तो रोज माती उकरून बघत होता. शाळेच्या खिचडीत पहिल्यांदा स्वतःची मेथी पडली, त्या दिवशी अख्ख्या वर्गानं दोनदा वाढून घेतलं. बुद्धप्रियाला तर ही बाग गेली तर आपण शाळेतच यायचं नाही, असं वाटू लागलं होतं.

सभेच्या दिवशी सरांनी गावाला आधी बाग बघायला बोलावलं. थोरामोठ्यांपैकी आजवर इथं कुणी फिरकलंच नव्हतं. वाफ्यांवर फक्त नंबराच्या पाट्या होत्या. अमृतराव हॉलची जागा मोजायला टेप घेऊनच आले. ते बघून पोरांचे चेहरे उतरले.

आधी चांदबी आत शिरली. आपला वाफा दाखवायला जावेद पुढं धावला, तोवर ती टाकीला वळसा घालून बरोबर त्याच्याच वाफ्याशी जाऊन बसली होती. मागोमाग बाकीची म्हातारी माणसं आली. वाट कुणी विचारली नाही. वाफा ओलांडणं सोपं होतं, तरी जो तो त्या अरुंद वाटेनंच वळून वळून गेला, आणि एकेका वाफ्यापाशी थांबला. नजर भाजीवर नाही, खालच्या मातीवर. बाग कुणालाच आवडली नाही, असं बुद्धप्रियाला वाटलं. ग्यानोबा खाली मान घालून सुतळी गुंडाळत होता.

अमृतराव मधल्या मोठ्या वाफ्याशी आले आणि उभेच राहिले. त्यांनी टेप मिटून खिशात घातला.

"ग्यानोबा," ते हळूच म्हणाले, "आमच्या जुन्या वाड्याचा उंबरा कुठं धरलास?"

ग्यानोबानं बोट दाखवलं. अमृतरावांनी चपला काढल्या, आणि चौकट डोक्याला लागू नये तशी मान वाकवून ते मेथीत आत गेले.