शंकेचे गुण

“सर, एक मॉप कमी भरतोय,” रक्त टिपायचे मॉप दोनदा मोजून वैजयंता सिस्टर म्हणाल्या.

“धन्यवाद सिस्टर, बरं झालं बोललात,” म्हणत डॉक्टर खांबेट्यांनी पोटाला पुढचा टाका घातला. टीमचं बोलणं-वागणं ऐकून-बघून गुण देणाऱ्या, छताला लावलेल्या यंत्राचा हिरवा दिवा लागला. प्रत्येक ऑपरेशनमध्ये कुणीतरी शंका काढायची आणि मुख्य डॉक्टरांनी आभार मानायचे, की यंत्र पूर्ण गुण देई. म्हणून तर सिस्टर वर्षभर रोज एक खोटी शंका काढत आल्या होत्या.

“सर, आजची खरी आहे हो. मॉप आतच राहिलाय.”

“वा! आज अभिनयसुद्धा?” डॉक्टर मास्कआड हसले.

टेबलावरच्या बाविशीतल्या मुलीचं तासाभराचंही नसलेलं बाळ पलीकडे दुधासाठी रडत होतं. टाके संपत आले. सिस्टरांनी डॉक्टरांचं मनगटच धरलं. “अहो, उघडा आधी!” त्या ओरडल्या.

लाल दिवा लागला.

पोट पुन्हा उघडलं. आतड्यांमागून रक्तानं थबथबलेला मॉप निघाला. तो चिमट्यात तसाच धरून डॉक्टर छताकडे बघत राहिले.

“काय केलंत हे, सिस्टर? वर्षभर आपल्या टीमचा एकही गुण गेला नव्हता.”