भाकरीची टाळी

इनामदारांची केतकी तीन महिने केनियात मुलांना शिकवून आली, म्हणून सोसायटीने सत्कार ठेवला. शाल मलाच आणायला लावली. बारा वर्षं मी मागच्या वस्तीतल्या पोरांचा वर्ग घेतेय. मला कुणी नारळसुद्धा दिला नव्हता.

"काकू, टाळ्या वाजवायला तुमची पोरं पुढे बसवा," सेक्रेटरी म्हणाले. बसवली. मी शेवटच्या रांगेत बसले. पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू.

केतकीने व्हिडिओ लावला. तिथली मुलं भाकरी थापल्यासारखी टाळी वाजवत होती. ती टाळी माझी. जाण्याआधी केतकी दोन दिवस माझ्या वर्गात येऊन शिकून गेलेली.

"ही मला तिकडेच सुचली," केतकी हसून म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पोरं मात्र हात मांडीवर ठेवून, मागे वळून माझ्याकडे बघत होती.