हाताला चाळा

बोईसरला घरी आलेली हर्षला आईला मोबाईलवर आपलं काम दाखवत होती. ॲप उघडेपर्यंत पडद्यावर फुगे येत होते. बोट लावलं की फुटायचे, लगेच नवे यायचे.

"हे फुगे संपत कसे नाहीत गं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"संपू द्यायचेच नाहीत. आतलं काम व्हायला वेळ लागतो. तोवर हाताला चाळा हवा, नाहीतर वाट बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो."

"वाट बघण्याचं मला नको सांगूस," रत्नाबाई हलकेच म्हणाल्या.

हर्षलाच्या मनातला जुना सल वर आला. बाबांच्या कारखान्यात स्फोट झाला, त्या दिवशी सगळी चाळ गेटकडे धावली होती. आईने मात्र दार लावून घेतलं आणि शाळकरी हर्षलाला तांदूळ निवडायला बसवलं. एक सूप झालं की आई ते आत न्यायची आणि दुसरं आणून ठेवायची. खडे काही संपत नव्हते. संध्याकाळी बाबा गेल्याची खबर आली, तेव्हाही तिच्या मांडीवर सूपच होतं. त्यासाठी तिने आईला कधीच माफ केलं नव्हतं.

"बाबांचा पत्ता नव्हता आणि तुला तांदळाचं पडलं होतं," आज ती बोलून गेलीच. "आणि तू तरी एवढा वेळ आत काय करत होतीस?"

फुगे फोडणारं रत्नाबाईंचं बोट थांबलं.

"तू निवडलेले खडे परत तांदळात मिसळत होते."