ओळंबा

“स्वस्तात माणसं मिळाली म्हणून तुमचे फ्लॅट उभे राहिले, शेठ. आम्ही गवंडी मात्र घरी बसलो,” मी ठेकेदाराला सुनावलं.

सीमेपलीकडून चोरून आलेल्या कारागिरांना पोलिसांनी तासाभरापूर्वीच नेलं होतं. तक्रार माझीच होती.

त्यांच्या अर्धवट गिलाव्यात खोट काढायला मी ओळंबा सोडला. वरपासून खालपर्यंत दोरी कुठे भिंतीला टेकली नाही की लांब गेली नाही. माझ्या बापाचं काम असं असायचं.

“उरलेली भिंत तू पुरी कर, गुणवंता,” ठेकेदार म्हणाला. “पण मजुरी त्यांच्याइतकीच मिळेल. तेवढ्यात काम होतं, हे आता कळलंय मला.”

घमेल्यात त्यांनी कालवलेला माल अजून ओला होता. मी तोच भिंतीवर मारायला घेतला.