रविवारचा शब्द

संपादक आत आले, तसा मी मांडीवरच्या वहीवर पेपर पसरला. यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

“वहिनी, सरांचं ‘रविवारचा शब्द’ सदर बंद पडलं तर वाचक आम्हाला सोडायचे नाहीत. त्यांनी पुढचं काही लिहून ठेवलंय का?”

सदर यांचं, पण शब्द माझे. बारा वर्षं रोज दुपारी भांडी आवरून मी ती जाडजूड डिक्शनरी घेऊन बसायची. माणसाला खिडकीबाहेर फेकून देण्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, डिफेनेस्ट्रेशन! तो सापडला त्या दिवशी स्वयंपाकघरात मी एकटीच कितीतरी वेळ हसत होते. बायकोवर जीव ओवाळून टाकणाऱ्या नवऱ्यासाठीही एक आहे, अक्सोरियस. तो तेवढा यांनी कधी छापायला दिला नाही. म्हणाले, “असले नवरे असतात का कुठे?”

पाचशेव्या लेखानंतर यांचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. कुणीतरी विचारलं, “वहिनींची मदत होते का?”

शाल सावरत हे म्हणाले, “छे हो! हिला इंग्रजीचा गंध नाही. चहा मात्र फक्कड करते.”

सगळं सभागृह हसलं. मीही हसले.

वहीत न छापलेले तीनशे शब्द अजून शिल्लक होते.

“कच्ची टिपणं असली तरी चालतील,” संपादक म्हणाले. “जरा बघता का?”

“मी काय बघणार?” पेपरासकट वही छातीशी धरून मी उठले. “मला इंग्रजीचा गंध नाही. बसा, चहा टाकते.”