बोक्याच्या पोटावरचा हिंग

"याच्या पोटाला हिंग कोणी चोळला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. कालपासून कुंथत होता, वाटलं पोटात वात धरलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. गावातली निम्मी बाळं त्यांच्याच हातून न्हालेली. बोक्याची बेंबी काही सापडेना, तेव्हा त्यांनी सगळं पोटच चोळून काढलं होतं.

"लघवी अडकलीय त्याची. पिशवी टम्म फुगलीय, चोळताना फुटली नाही हेच नशीब. भूल देऊन नळी घालतो, पण फार उशीर झालाय."

द्वारकाबाईंनी हात पदराखाली लपवले. कंपाउंडर बोक्याला धरायला गेला, तर तो त्याच्यावर फिस्कारला.

"सुई टोचेपर्यंत तुम्हीच धरा," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी हात पुढे केले. बोक्यानं हिंगाचा वास येणाऱ्या त्याच हातांत डोकं खुपसलं.