शेजाऱ्याची सही

नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, पण तो परत सरकवायला त्यांचा हात धजेना. खिडकीबाहेर खुद्द मुख्याधिकारी साहेब उभे होते. तेही रांगेतून आलेले.

"साहेब, एक रकाना राहिलाय," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "शेजाऱ्याची सही."

साहेबांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. मृत्यू घरी झाला असेल तर शेजाऱ्याची, ती मिळाली नाही तर मृताला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या एका माणसाची सही हवी, हा नियम त्यांनीच काढला होता. जिवंत माणसांना कागदावर मारून त्यांची घरं लाटायचे दोन प्रकार उघडकीला आले होते, तेव्हा. नियमाची पाटी त्याच खिडकीवर होती.

"मी करते ना सही. कोण बघतंय?"

"तुम्ही माझ्या आईला पाहिलं होतं?"

परवा आईला निरोप द्यायला कार्यालयातली वीस-पंचवीस माणसं आली होती. त्यांच्यातल्या एकानेही तिला जिवंतपणी पाहिलं नव्हतं.

"राहू द्या. आणतो मी," साहेब म्हणाले, आणि अर्जाची घडी घालून गाडीसुद्धा न घेता चालत निघाले.

शहराचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. कुठलं गटार कुठे मिळतं, कुठल्या खांबावरचा दिवा फडफडतो, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण आपल्या बंगल्याच्या उजव्या हाताला कोण राहतं, हे काही त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी तिथली बेल वाजवली.

"अगंबाई, साहेब!" ओले हात पुसत एक बाई दारात आली. "गटारासाठी आलात ना? तीन अर्ज दिले. म्हटलं, आता कुणी फिरकत नाही."

"गटाराचं बघतो. पण मी दुसऱ्या कामासाठी आलोय. माझी आई गेली परवा."

"अरेरे! इथे होत्या? कधी आल्या होत्या?"

"माझ्याबरोबरच. अकरा महिने झाले." साहेबांनी अर्जातला सहीचा रकाना दाखवला.

बाई ओशाळली. "कधी दिसल्याच नाहीत हो. तुमची भिंत केवढी उंच! नाहीतर सहीला कशाला नाही म्हटलं असतं? पण पाहिलंच नाही, तर खोटं कसं लिहू?"

"बरोबर आहे तुमचं."

डावीकडच्या घराला कुलूप होतं. समोर शाळेची मागची बाजू. सगळ्या गावाचा कारभार हातात, आणि सहीला माणूस मिळेना. साहेब आपल्याच फाटकाबाहेर हातात कागद घेऊन उभे राहिले.

तेवढ्यात लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पाणी सोडणारा आला. नगरपालिकेचाच माणूस, पन्नाशीचा. साहेबांना पाहून त्याने घाईघाईने वर दुमडलेली विजार खाली सोडली.

"साहेब, आई गेल्या असं ऐकलं. वाईट झालं."

साहेबांनी मान हलवली. त्याने फाटकाशेजारचं झाकण उघडलं, चावी व्हॉल्व्हला लावली आणि अंगाचा जोर देऊन फिरवली. मग फाटकाच्या आत डोकावून बघितलं.

"काकू सुट्टीवर गेल्या का?"

"कोण काकू?"

"बंगल्यावर स्वयंपाकाला आहेत त्या. दोन दिवस दिसल्या नाहीत. गुडघा फार दुखत होता त्यांचा, म्हणून विचारलं."

बंगल्यावर स्वयंपाकाला कुणीच नव्हतं.

"काय म्हणायच्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"काय म्हणणार? एकदा व्हॉल्व्ह उघडला की पाण्याला जोर यायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ इथे कट्ट्यावर बसायचो. त्या फाटकाशी खुर्ची घ्यायच्या. म्हणायच्या, आमच्या साहेबांची तऱ्हाच न्यारी. जेवण गरम लागतं, आणि येतात गार झाल्यावर." तो हसला, आणि साहेबांचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यावरच विझलं. "माफ करा साहेब. थट्टेने म्हणायच्या. माया फार होती त्यांची तुमच्यावर."

साहेबांनी कागद उलगडून त्याच्यापुढे धरला. त्याने नाव वाचलं. मग वय. मग पत्ता पुन्हा वाचला. चावी हळूच भिंतीला टेकवली.

"त्या तुमच्या आई होत्या?"

"तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

"नाही." त्याची नजर झाकणाकडे गेली. "बरंच केलं, साहेब. कळलं असतं तर मी इथे टेकलोच नसतो."

साहेबांनी पेन दिलं. त्याने सही केली. सहीच्या खाली 'मृत व्यक्तीस किती काळापासून ओळखता' असा रकाना होता. तिथे तो थोडा अडला आणि मग मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात त्याने लिहिलं: रोज पंधरा मिनिटं.

कार्यालयात साडेअकराला बैठक होती. फोन दोनदा वाजला. साहेबांनी तो बंद केला आणि ते कट्ट्यावर बसले.

"पाण्याला अजून वेळ आहे ना?"

"आहे, साहेब. दहा मिनिटं तरी."

"मग बसा. आणखी काय बोलायची, सांगा."

पाणी सोडणाऱ्याने कट्ट्याकडे पाहिलं. साहेबांच्या शेजारी दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

"नको साहेब, उभा आहे तोच बरा," तो म्हणाला, आणि हात मागे बांधून उभ्या उभ्याच सांगू लागला.